तरुणांच्या हातातले यंत्र आणि आपली वस्ती

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने आम्हाला विषय दिला तो 'तरुण पिढी आणि मोबाईल'. काही मंडळींना वाटलं असेल, गिरणीतला माणूस उभा राहील आणि पोरांना चार शब्द सुनावील. पोरं मान खाली घालून बसतात, अभ्यासिकेत पुस्तक उघडं आणि नजर मोबाईलवर, हे आपण घरोघरी रोज बोलतोच. तेच इथं माईकवरून बोलायचं तर त्याला व्याख्यान कशाला म्हणायचं? म्हणून आज आम्ही दुसरी बाजू मांडणार आहोत. हे यंत्र हातात घेऊन एका गरीब देशातल्या, गरीब वस्तीतल्या पोरापोरींनी काय करून दाखवलं, त्याची काय किंमत मोजली आणि त्यातून आपल्या वस्तीनं काय घ्यायचं, एवढंच सांगायचं आहे. उदाहरण आफ्रिकेतल्या केनिया देशाचं आहे. पण ऐकता ऐकता तुमच्या लक्षात येईल की ते वाटतं तितकं लांबचं नाही. त्याचा एक धागा थेट आपल्या भायखळ्याच्या फुटपाथपर्यंत येतो.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करू. आम्ही गिरणीतली माणसं यंत्राला भिणारी नव्हेत. साचेवाल्याला ठाऊक असतं की त्याच साच्यावर मांजरपाटही निघतो आणि भारी कापडही निघतं. प्रश्न यंत्राचा नसतो. यंत्र कुणाच्या मालकीचं, त्यावर काय विणायचं हे कोण ठरवणार आणि विणणाऱ्याच्या हाती काय येणार, हा खरा प्रश्न असतो. मोबाईललाही हेच तीन प्रश्न विचारायचे. आणि निरोप पोचवण्याची गरज काही आजची नाही. गिरणगावात नाक्यानाक्यावर काळा फळा असायचा. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, तेव्हा आम्ही शाळकरी पोरं होतो. सभा कुठं, मोर्चा कधी, धान्याचं वाटप कुठं, हे त्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं असायचं आणि येणारा-जाणारा थांबून वाचायचा. वर्तमानपत्रं काय छापतात याची वाट बघत आपली माणसं बसली नाहीत. आजचा मोबाईल म्हणजे खिशातला फळा आहे. फरक एवढाच की नाक्यावरच्या फळ्यावर कोण लिहितो ते सगळ्यांना दिसायचं. खिशातल्या फळ्यावर कोण लिहितो ते दिसत नाही. हा फरक लहान नाही, त्याच्याकडे आपण पुढे येऊच.

आता केनियाकडे जाऊ. हा देश आपल्यासारखाच इंग्रजांच्या राज्यात होता, १२ डिसेंबर १९६३ ला स्वतंत्र झाला. तिथे २७ डिसेंबर २००७ रोजी राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक झाली. निकालावरून वाद पेटला आणि टोळीटोळीत, म्हणजे आपल्याकडे जातीजातीत म्हणतो तशी, हिंसा सुरू झाली. शेजारी शेजाऱ्याच्या जिवावर उठला. पुढे नेमलेल्या चौकशी आयोगाने १,१३३ मृत्यूंची नोंद केली. सहा लाखांच्या आसपास माणसं घरादाराला मुकली. त्या दिवसांत सरकारने दूरदर्शन आणि रेडिओवरच्या थेट प्रक्षेपणावर बंदी घातली होती. कुठं काय चाललंय, कुणाचं घर जळतंय, कुठला रस्ता सुरक्षित आहे, लोकांना कळेना.

तेव्हा ओरी ओकोल्लो नावाची एक तरुण वकील बाई पुढे आली. ती इंटरनेटवर लिहीत असे. लोकांनी पाहिलेलं लोकांनीच कळवावं आणि ते नकाशावर दिसावं अशी कल्पना तिनं मांडली. तिच्यासह काही तरुण तंत्रज्ञांनी जानेवारी २००८ मध्ये, अवघ्या काही दिवसांत, एक व्यवस्था उभी केली. साध्या मोबाईलवरून एसएमएस पाठवायचा किंवा इंटरनेटवरून कळवायचं. आलेली बातमी शक्य तितकी तपासून नकाशावर त्या त्या जागी ठिपका द्यायचा. त्यांनी तिला नाव दिलं 'उशाहिदी'. स्वाहिली भाषेत या शब्दाचा अर्थ साक्ष. बघा, नाव किती नेमकं! जे डोळ्यांनी पाहिलं त्याची साक्ष द्यायची. आणि हे सॉफ्टवेअर त्यांनी तिजोरीत ठेवलं नाही, सर्वांना फुकट वापरायला मोकळं केलं. जानेवारी २०१० मध्ये हैती देशात भूकंप झाला तेव्हा ढिगाऱ्याखालून आलेले निरोप याच व्यवस्थेने नकाशावर मांडले गेले.

पण इथंच दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ज्या मोबाईलवरून साक्ष दिली गेली, त्याच मोबाईलवरून त्याच दिवसांत अमक्या टोळीला मारा, तमक्याला हाकला असे द्वेषाचे एसएमएसही फिरले. यंत्र तेच, दिवस तेच, देश तोच. म्हणजे यंत्र आपोआप कुणाला शहाणं करत नाही.

आता नैरोबी शहरातल्या किबेरा वस्तीविषयी. नैरोबी ही केनियाची राजधानी. ब्रिटिशांच्या पलटणीतल्या सुदानी सैनिकांना विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शहराबाहेरच्या रानात राहायला जागा दिली, त्यातून ही वस्ती वाढली. नुबियन भाषेत किबेराचा अर्थच मुळी रान. वस्तीच्या पोटातून रेल्वेचा रूळ जातो. हा रेल्वेमार्ग १८९६ ते १९०१ या काळात बांधला गेला, आणि तो बांधायला हिंदुस्थानातून, मुख्यतः पंजाबातून, तीस हजारांहून अधिक मजूर नेले होते. पत्र्याची आणि मातीची घरं, अरुंद बोळ, उघडी गटारं, विकतचं पाणी. किबेरात माणसं किती? कुणी दहा लाख म्हणत होतं, आणि २००९ च्या जनगणनेत आकडा आला एक लाख सत्तर हजारांच्या आसपास. एवढी तफावत का? कारण वस्तीची मोजदाद वस्तीच्या हातात नव्हती. ज्याला जो आकडा सोयीचा तो त्यानं सांगावा. आणि नकाशावर पाहावं तर किबेराच्या जागी कोरी जागा. लाखावर माणसं राहतात, पण नकाशात एक बोळ नाही, एक शाळा नाही, एक नळ नाही. नकाशात जे नाही त्याच्यासाठी अंदाजपत्रकात पैसा कसा येणार?

२००९ च्या अखेरीस एरिका हेगन आणि मिकेल मरोन या दोघांनी तिथल्या संस्थांच्या साथीने 'मॅप किबेरा' हे काम सुरू केलं. पण नकाशा बाहेरच्या तज्ज्ञांनी काढला नाही. वस्तीतल्याच तेरा तरुण-तरुणींना शिकवलं. प्रत्येकाच्या हातात जीपीएसचं छोटं यंत्र. हे यंत्र आकाशातल्या उपग्रहांकडून येणारे संकेत पकडतं, आणि किमान चार उपग्रहांचे संकेत मिळाले की आपण नेमके कुठं उभे आहोत ते सांगतं. तुम्ही चालत गेलात की तुमच्या वाटेची रेघ त्यात उमटते. पोरं बोळाबोळातून चालली. इथं पाण्याची टाकी, इथं संडास, इथं दवाखाना, इथं औषधाचं दुकान, इथं शाळा, इथं चर्च, इथं मशीद, अशी नोंद करत गेली. काही आठवड्यांत कोऱ्या जागेवर वस्ती उमटली. ही सगळी माहिती त्यांनी 'ओपनस्ट्रीटमॅप' या जागतिक नकाशावर चढवली. हा नकाशा २००४ मध्ये इंग्लंडमध्ये सुरू झाला. तो कुणा एका कंपनीच्या मालकीचा नाही. कुणीही त्यात भर घालावी, कुणीही तो वापरावा. आम्ही मघाशी मालकीचा प्रश्न विचारला, त्याचं एक चांगलं उत्तर इथं सापडतं.

नकाशा झाला म्हणून पोरं थांबली नाहीत. आमच्या मते खरं काम पुढेच झालं. नकाशे कागदावर छापले, त्यावर ट्रेसिंग पेपर अंथरला आणि वस्तीतल्या मुलींना बोलावून विचारलं, बाई, तुला कुठून जायला भीती वाटते? युनिसेफच्या मदतीने हे काम झालं. मुलींनी पेन्सिलीनं खुणा केल्या. इथं दिवा नाही, इथं दारूचा गुत्ता आहे, या संडासाकडे रात्री जाता येत नाही. विचार करा, ही माहिती कुठल्या कचेरीतल्या साहेबाकडे असणार होती? ती फक्त त्या मुलींकडे होती. आजवर कुणी विचारलीच नव्हती.

मग त्याच तरुणांनी हातात छोटे कॅमेरे घेतले आणि 'किबेरा न्यूज नेटवर्क' नावानं वस्तीच्या बातम्यांच्या चित्रफिती काढायला सुरुवात केली. आग लागली, पाणी बंद झालं, फुटबॉलचा सामना झाला, सगळं. बाहेरचे पत्रकार किबेरात यायचे ते चिखल आणि भूक टिपायला. तिथं शाळा आहे, गाणं आहे, शिंपी आहे, नट आहे, हे दाखवलं ते वस्तीतल्या पोरांनी. २०१० मध्ये 'टुगेदरनेस सुप्रीम' हा चित्रपट किबेरातच, तिथल्या तरुणांना घेऊन तयार झाला. त्याचा विषयही २००७ ची हिंसाच. आणि 'सोलो सेव्हन' या नावाचा तिथला रंगारी चित्रकार दंगलीच्या दिवसांत जळक्या भिंतींवर आणि रस्त्यांवर शांतता राखण्याचे शब्द रंगवत फिरला. म्हणजे कला आणि नागरिकाचं कर्तव्य या तिथं दोन वेगळ्या गोष्टी राहिल्या नाहीत. आपल्याकडच्या शाहिरांना हे समजावून सांगायला नको.

आता तो भायखळ्याचा धागा. किबेराच्या आधी कितीतरी वर्षं हे काम मुंबईत झालं, आणि तेही संगणकाशिवाय. १९८५ साली फुटपाथवर राहणाऱ्यांच्या झोपड्या उठवण्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात होता. ओल्गा टेलिस खटला म्हणून तो प्रसिद्ध आहे. जुलै १९८५ मध्ये निकाल लागला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं न्यायालय म्हणालं, पण रीतसर नोटीस देऊन फुटपाथ मोकळे करण्याची मुभाही पालिकेला राहिली. त्याच वर्षी 'स्पार्क' या संस्थेने भायखळा भागातल्या फुटपाथवरच्या बायांना सोबत घेऊन फुटपाथवासीयांची मोजणी केली. त्या अहवालाचं नाव मराठीत सांगायचं तर 'आम्ही, अदृश्य माणसे'. ही माणसं कुठून आली, काय काम करतात, किती वर्षं इथं आहेत, हे प्रथमच कागदावर आलं. पुढे त्या बायांची 'महिला मिलन' ही संघटना झाली. जोकिन अर्पुथम यांचा झोपडपट्टीवासीयांचा महासंघ सोबत होता. जोकिन स्वतः जनता कॉलनीत राहणारे. ती वस्ती १९७६ मध्ये उठवली गेली होती. वस्तीनंच वस्तीची मोजणी करायची ही रीत इथून देशोदेशी गेली. १९९६ मध्ये झोपडपट्टीवासीयांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली, आणि केनियाची 'मुउंगानो वा वानाविजिजी' ही संघटना त्यात सामील झाली. किबेरातल्या रुळालगतची घरं पाडण्याची वेळ आली, तेव्हा केनियाच्या रेल्वेचे अधिकारी २००४ मध्ये मुंबईत आले. रुळालगतच्या वस्त्यांचं पुनर्वसन इथं कसं केलं ते त्यांनी पाहिलं, आणि मग तिथं सरसकट हाकलण्याऐवजी पुनर्वसनाची योजना आखली गेली. म्हणजे भायखळ्याच्या फुटपाथवर बसून ज्या बायांनी झोपड्या मोजल्या, त्यांची विद्या समुद्रापार कामाला आली. ही गोष्ट आपल्या पोरांना कुठल्या क्रमिक पुस्तकात भेटणार नाही, म्हणून मुद्दाम सांगितली.

पण मित्रहो, नकाशा काढला की सगळं मिळालं असं आम्ही सांगणार नाही. २३ जुलै २०१८ रोजी दोन मोठ्या रस्त्यांना जोडणाऱ्या नव्या रस्त्यासाठी किबेरातून बुलडोझर फिरला. हजारो माणसं बेघर झाली, शाळाही पडल्या. नकाशावर त्या शाळा होत्या. नकाशा बुलडोझर अडवत नाही. नकाशा एवढंच करतो की इथं काहीच नव्हतं असं उद्या कुणाला म्हणता येत नाही. उरलेलं काम संघटनेचं असतं.

आता अगदी अलीकडची गोष्ट. मे २०२४ मध्ये केनियाच्या सरकारने वित्त विधेयक आणलं. पावावर १६ टक्के कर, खाद्यतेलावर २५ टक्के, मोबाईलवरून पैसे पाठवण्यावर जादा कर, आणि पर्यावरणाच्या नावाखालच्या एका करातून लहान मुलांचे लंगोट आणि बायकांचे पॅडसुद्धा सुटले नव्हते. विधेयक म्हणजे किचकट इंग्रजी. एरवी ते कोण वाचतो? पण पंचविशीच्या आतबाहेरच्या पोरांनी ते वाचलं. कलम न् कलम फोडून स्वाहिलीत आणि आपापल्या टोळीच्या भाषेत सांगितलं. आपल्याकडे २०२० पासून बंदी असलेल्या टिकटॉकवर त्यांनी एकेका मिनिटाच्या फिती टाकल्या. कुणी गाणं केलं, कुणी नक्कल केली, कुणी व्यंगचित्र काढलं. एका तरुणानं तर कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारा असा कार्यक्रम तयार केला की तुम्ही प्रश्न विचारा आणि विधेयकात काय आहे ते तो सांगेल. खासदारांचे फोन नंबर गोळा करून हजारोंनी त्यांना निरोप पाठवले. जखमींच्या उपचारासाठी आणि पुढे अंत्यविधीसाठी मोबाईलवरूनच वर्गणी जमली. केनियात २००७ पासून साध्या फोनवरून पैसे पाठवण्याची सोय आहे, ती इथं कामी आली.

त्यांच्या या वाचनामागे एक आधार होता, संविधानाचा. २००७-०८ च्या रक्तपातानंतर केनियाने २७ ऑगस्ट २०१० रोजी नवे संविधान स्वीकारले. त्यात संसदेने कायदा करताना जनतेला सहभागी करून घेतलेच पाहिजे असे ११८ वे कलम आहे. पोरांनी ते कलम पुढे ठेवलं आणि विचारलं, आमचा सहभाग कुठं आहे? संविधान कपाटात ठेवायचं नसतं, ते वापरायचं असतं, हे त्यांनी दाखवलं.

१८ जून २०२४ रोजी पहिला मोठा मोर्चा निघाला. त्याच दिवशी सरकारने पावावरचा कर मागे घेतल्याचं जाहीर केलं. पण पोरं म्हणाली, सगळं विधेयक मागे घ्या. २५ जूनला संसदेने १९५ विरुद्ध १०६ मतांनी विधेयक मंजूर केलं, जमाव संसदेत शिरला, इमारतीच्या एका भागाला आग लागली आणि पोलिसांनी गोळीबार केला. इंटरनेटही विस्कळीत झालं. दुसऱ्या दिवशी, २६ जूनला, राष्ट्राध्यक्ष विल्यम रुटो यांनी विधेयकावर सही करणार नाही असं सांगितलं. ११ जुलैला जवळजवळ सगळं मंत्रिमंडळ बरखास्त केलं. पण किंमत? त्या देशाच्या मानवी हक्क आयोगाच्या नोंदीप्रमाणे त्या आंदोलनात किमान ६० माणसं गेली. अनेकांना घरातून, रस्त्यावरून उचलून नेलं. आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्यातले काही कर दुसऱ्या कायद्यातून परत आलेच.

यातल्या दोन गोष्टींवर आम्हाला बोलायचं आहे. पहिली आनंदाची. २००८ मध्ये टोळीच्या नावानं एकमेकांची घरं जाळणाऱ्या देशात २०२४ ची पोरं म्हणाली, आम्ही कुठल्या टोळीचे नाही. सोळा वर्षांत ही एवढी मजल आहे. दुसरी गोष्ट विचार करायला लावणारी. ती पोरं असंही म्हणाली की आमचा कुणी नेता नाही. नेता नाही म्हणजे विकत घ्यायला कुणी नाही, हे खरं. पण मग वाटाघाटीला कोण बसणार? कर मागच्या दारानं परत आले तेव्हा रोज उठून पहारा कोण देणार? आम्ही संपाच्या मुलखातली माणसं. एका माणसावर सगळा भार टाकला की काय होतं हेही आम्ही पाहिलं, आणि समितीच नसली की काय होतं हेही. मोबाईलनं माणसं एका दिवसात गोळा होतात, पण एका दिवसात जमलेली गर्दी दुसऱ्या दिवशी पांगते. हजेरीपट, वर्गणीचं पुस्तक, इतिवृत्त, मासिक बैठक या कंटाळवाण्या गोष्टींनीच संघटना टिकते. पोरांनी वेग द्यावा, वडीलधाऱ्यांनी ही शिस्त द्यावी. दोघांनी एकमेकांची थट्टा करू नये.

आता राज्यकर्त्यांचं भय. पुढच्याच वर्षी, मे २०२५ च्या अखेरीस, रोझ न्जेरी या संगणक जाणणाऱ्या केनियन तरुणीला अटक झाली. तिचा गुन्हा काय? नव्या वर्षाच्या वित्त विधेयकावर सामान्य माणसाला आपली हरकत संसदेच्या समितीला सहज ईमेलनं पाठवता यावी असं एक साधन तिनं तयार केलं. हरकत पाठवणं हा हक्क, पण ती पाठवायला मदत करणं हा संगणकीय गुन्हा! २० जून २०२५ रोजी न्यायालयाने हा आरोपच टिकत नाही म्हणून खटला काढून टाकला. आपल्याकडेही हे घडलेलं आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरला दोन तरुण मुलींना फेसबुकवरच्या साध्या मजकुरावरून अटक झाली. त्यातून श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, आणि २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-अ हे कलमच घटनाबाह्य म्हणून रद्द झालं. म्हणून पोरांना सांगणं आहे, लिहा, पण कायदा वाचून लिहा. आणि आईबापांना सांगणं आहे, पोरानं खरं लिहिलं आणि त्रास झाला तर त्याला एकटं सोडू नका.

खरं लिहिलं, हा शब्द मात्र लक्षात ठेवा. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं जमावानं ठेचून मारली. भिक्षा मागायला गेलेली गरीब माणसं. मुलं पळवणारी टोळी आली आहे अशी अफवा मोबाईलवरून फिरत होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲप कंपनीनं भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पण बोट आपलं असतं. मघाशी आम्ही म्हणालो, खिशातल्या फळ्यावर कोण लिहितो ते दिसत नाही. म्हणून निरोप आला की तीन प्रश्न विचारा. पाहिलं कुणी? कधी पाहिलं? कुठं पाहिलं? तिन्हींची उत्तरं नसतील तर तो निरोप आपल्या मोबाईलवरच थांबवा. केनियाच्या त्या तरुणांनी नाव ठेवलं साक्ष. साक्षीदार ऐकीव गोष्ट सांगत नाही.

आता आपल्या वस्तीकडे. भाषण ऐकून चहा पिऊन घरी जायचं असेल तर आम्ही इतका वेळ घेतला नसता. समितीपुढे आणि तरुणांपुढे चार कामं ठेवतो.

पहिलं काम, वस्तीचा नकाशा. नळ किती, कुठल्या वेळी पाणी येतं, सार्वजनिक संडासाची किती भांडी आहेत आणि त्यातली चालू किती, कुठल्या खांबावर दिवा नाही, कुठं वायरी लोंबतात, गटार कुठं तुंबतं. दहा-बारा पोरंपोरी चार रविवार फिरली तर हे होईल. प्रत्येक गटात एक वयस्क बाई असावी, आणि अंधाऱ्या बोळांची यादी मुलींना विचारूनच करावी. मात्र एक पथ्य पाळा. नळ आणि दिवे जगाला दाखवा, पण कुणाच्या घरात कोण राहतं, कुणाकडे कुठला कागद नाही, हे इंटरनेटवर टाकू नका. तशी माहिती उद्या कुणाच्या हाती पडेल सांगता येत नाही.

दुसरं काम, म्हाताऱ्यांचे कागद. आपल्या राज्यात झोपडी पात्र ठरते ती तारखेवर. १ जानेवारी २००० पूर्वीच्या झोपडीला मोफत घर, त्यानंतर १ जानेवारी २०११ पर्यंतच्या झोपडीला पैसे भरून. पुरावा म्हणजे जुनं वीजबिल, मतदार यादीतलं नाव, शिधापत्रिका. हे कागद पत्र्याच्या पेटीत गळून चाललेत. गिरणी कामगारांच्या घरांसाठीही १ जानेवारी १९८२ किंवा त्यानंतर गिरणीत असल्याचा पुरावा लागतो. २०२३ मध्ये म्हाडाने सुमारे दीड लाख अर्जदारांची पात्रता ठरवायला कागदपत्रं मागवली, ती ऑनलाइनही द्यायची होती. साठ-सत्तर वर्षांच्या साचेवाल्यानं ते कसं करावं? ज्या घरात नातवंडानं फोटो काढून कागद चढवले तिथं काम झालं. ज्या घरात कुणी नव्हतं तो म्हातारा हेलपाटे घालत राहिला. तरुणांनो, दर रविवारी दोन तास विहारात बसा. वस्तीतल्या प्रत्येक म्हाताऱ्याचे कागद नीट उजेडात फोटो काढून त्याच्याच माणसाच्या मोबाईलवर जपून ठेवून द्या. हे कुणी टाळ्या वाजवण्याजोगं काम नाही, पण एका कागदावर एका कुटुंबाचं छप्पर अवलंबून असतं.

तिसरं काम, विचारणं. माहितीचा अधिकार कायदा २००५ पासून आहे. दहा रुपयांच्या फीमध्ये अर्ज, दारिद्र्यरेषेखालील माणसाला तीही माफ, आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. राज्य शासनाच्या संकेतस्थळावरूनही अर्ज करता येतो. उत्तर आलं नाही तर अपील आहे. नकाशात संडासाची आठ भांडी बंद दिसली, तर दुरुस्तीला गेल्या वर्षी किती रक्कम खर्च पडली हे विचारा. नकाशा आणि उत्तर शेजारी शेजारी ठेवा. भांडण न करता बरंच काही कळतं.

चौथं काम, आपल्या माणसांचा आवाज. वस्तीतल्या ज्या आजींना जात्यावरची गाणी येतात, ज्या काकांनी कलापथकात ढोलकी वाजवली, ज्यांनी संपाचे दिवस काढले, त्यांच्यासमोर मोबाईल ठेवा आणि त्यांना बोलू द्या. मध्ये बोलू नका. नाव, गाव, तारीख नोंदवा, त्यांची परवानगी घ्या. दर वर्षी आमच्यातली दोन-चार माणसं जातात, आणि त्यांच्याबरोबर एक न छापलेलं पुस्तक जातं. किबेराच्या पोरांनी बाहेरच्या कॅमेऱ्याची वाट पाहिली नाही. आपणही पाहू नये.

शेवटी वडीलधाऱ्यांना एकच विनंती. पोराच्या हातातला मोबाईल हिसकावण्याआधी त्याला एकदा विचारा, बाळा, यात काय करतोस ते मला दाखव. नुसतीच करमणूक असेल तर कळेल, आणि त्याला एखादं काम सांगता येईल. काही चांगलं असेल तर तुम्हीही शिकाल. आणि तरुणांनो, तुमच्या हातातला साचा परक्या कंपनीचा आहे, हे विसरू नका. तुम्ही किती वेळ बघता यावर त्यांचा नफा आहे. पण त्यावर काय विणायचं, हे अजून तुमच्या हातात आहे.

पुढच्या वर्धापन दिनाला या भिंतीवर आपल्या वस्तीचा, आपल्या पोरापोरींनी काढलेला नकाशा लागलेला असावा, एवढी मागणी समितीपुढे ठेवतो. नावं आजच, कार्यक्रम संपल्यावर, महिला मंडळाच्या टेबलावर लिहून घ्यावीत. पहिला रविवार परवाचाच.